सीतारामचं नाव

छपन्न सालच्या उन्हाळ्यात मी एक महिना तुरुंगात होतो. हे सांगितलं की ऐकणारा जरा सरसावून बसतो, म्हणून मी सहसा सांगत नाही. मी फार काही केलं नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रहींची यादी करत आमच्या गिरगावातल्या चाळीचे अप्पा वही घेऊन दारोदार फिरत होते. ते आमच्या दारात आले तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही, एवढंच. मी एका वाचनालयात काम करत असे. पुस्तकांना नंबर घालायचे, सुटलेली पानं चिकटवायची. जमावबंदी मोडून आम्ही अकरा जण रस्त्यात बसलो. पोलिसांनी आम्हाला उचललं आणि मॅजिस्ट्रेटने एक महिना सक्तमजुरी दिली.

बराकीत आम्ही बेचाळीस जण होतो. संध्याकाळी पाच वाजता दोन-दोनच्या रांगेत बसवून आमची मोजणी व्हायची आणि दाराला टाळं लागायचं, ते सकाळी सहाला निघायचं. बाहेर लखलखीत उजेड असताना आत कोंडून घ्यायचं याची सवय शेवटपर्यंत झाली नाही. खिडक्या पुरुषभर उंचीच्याही वर होत्या. बाकीचे घोषणा द्यायचे, वाद घालायचे, गाणी म्हणायचे, सिगारेटच्या पाकिटांचे पत्ते करून खेळायचे. मला यातलं काही जमेना. मला वाचायला हवं होतं, आणि वाचायला काही नव्हतं. आमच्या वर्गाच्या कैद्यांना वर्तमानपत्र मिळत नसे. बराकीला एक पोथी होती, तिच्यासाठी नंबर लागत. मग मी दाराशेजारच्या भिंतीवर रंगवलेले तुरुंगाचे नियम वाचू लागलो. एकूण तेवीस होते. चौथ्या दिवशी ते पाठ झाले, तरी मी तिथे उभा राहत असे.

आमच्या बराकीवर देखरेखीला सीताराम नावाचा कैदी होता. जन्मठेपेचा. सत्याग्रहींची गर्दी वाढली तेव्हा पहारेकऱ्यांच्या हाताखाली द्यायला बाहेरगावच्या तुरुंगातून जुने, भरवशाचे कैदी आणले होते, त्यांतला हा एक. अशा कैद्यांना पिवळी टोपी असे. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, सावकाश बोलणारा माणूस. मला चष्मा म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. मी त्याला अहो-जाहो करतो याची त्याला फार गंमत वाटे.

त्या दिवशी मी भिंतीपुढे उभा असताना तो मागे येऊन थांबला.

"पाठ झालं का, मास्तर?"

मी म्हटलं, झाले.

"मला अकरा वर्सं झाली. माझं अजून न्हाई झालं."

दुसऱ्या दिवशी मोजणी आटोपल्यावर त्याने माझ्या घोंगडीची घडी नीट करायच्या निमित्ताने तिच्यात काहीतरी सरकवलं. टाळं लागल्यावर मी पाहिलं. छापलेला, सोळा पानांची घडी घातलेला, न शिवलेला फर्मा. सीताराम दिवसा तुरुंगाच्या बायंडिंग खात्यात काम करायचा आणि तिथे सरकारी अहवाल बांधायला येत. हा फळबागांवरच्या किडींचा अहवाल होता. पान एकोणपन्नास ते चौसष्ट. ती सोळा पानं मी उजेड जाईपर्यंत तीनदा वाचली. सकाळी दार उघडताना त्याने फर्मा परत घेतला, सदऱ्याखाली पोटाशी दाबला आणि संध्याकाळी दुसरा आणला. क्रम त्याच्या हाती नव्हता. जो फर्मा वरच्या थप्पीत असेल तो यायचा. पेरूवरची अळी कशाने मरते हे मला ती कशी लागते हे कळण्याच्या चार दिवस आधी कळलं. शेजारच्या माणसांना वाटायचं की मी कसलं तरी गुप्त पत्रक वाचतोय, म्हणून ते आदराने सरकून जागा देत.

कैद्याने छापील वा कोरा कागद बराकीत नेऊ नये, हा सतरावा नियम. मला तो पाठ होता. तरी मी एकदाही त्याला म्हटलं नाही की राहू द्या. मला ती सोळा पानं हवी होती.

हळूहळू त्याने स्वतःबद्दल सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. तो घोडपदेवचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. पाळी सुटताना एकाशी भांडण झालं, हातात लोखंडी दांडा होता, तो त्याने त्या माणसाच्या डोक्यात घातला. त्याचं कारण त्याने मला सांगितलं नाही. आता तेही खरं वाटत नाही, एवढंच म्हणाला. मेलेल्या माणसाची बायको गावी गेली हे त्याला कळलं होतं आणि पुढचं काही कळलं नव्हतं. अकरा वर्षांत त्याच्या नावावर एकही ठपका लागला नव्हता. वागणूक चांगली असली की दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस माफ होतात, पिवळी टोपी असली की जास्त. आणि जन्मठेपेच्या कैद्यांना आधी सोडायचं की नाही हे ठरवायला एक बोर्ड बसतं. आषाढात ते बसणार होतं, आणि यादीत त्याचं नाव होतं. झालं तर दिवाळी घरी. शिवाय या तुरुंगात त्याची बायको राधाबाई भेटीला पायी येऊ शकत होती. आधी तिला तीन तासांची एसटी करावी लागे. हे सगळं सांगताना तो आवाज आणखी खाली आणायचा, जणू मोठ्याने बोललं तर ते मोडेल.

मी सुटलो तेव्हा तो दारापाशी मोजणी करत होता. आम्ही बोललो नाही.

चाळीने आम्हा अकरा जणांचा सत्कार ठेवला. अंगणात बाकं मांडली, टेबलावर चादर घातली. अप्पांनी प्रत्येकाला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी आयुष्यात कधी चारचौघांत बोललो नव्हतो. आभारी आहे म्हणून खाली बसायचं असं मी आणि माझी बायको कालिंदी, आम्ही दोघांनी ठरवलं होतं. माझ्याआधीचे दहा जण मराठी माणसाच्या अभिमानावर बोलले. माझी पाळी आली तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं की मला तुरुंगात पेरूच्या अळ्यांबद्दल पुष्कळ माहिती मिळाली.

लोक हसले.

माझ्या बोलण्याला इतकी माणसं हसली आहेत असं आधी कधी झालं नव्हतं. मला थांबायला हवं होतं. मी नियमांची भिंत सांगितली, ते हसले. फर्म्यांचा उलटा क्रम सांगितला, बायकासुद्धा हसल्या. मग मला वाटलं की नुसतं हसवणं बरं नाही, त्या माणसाचे उपकार सांगायला हवेत. मी म्हणालो की तुरुंगातसुद्धा माणूस असतो. पिवळी टोपी घातलेला, घोडपदेवचा सीताराम. तो रोज पोटाशी कागद लपवून माझ्यासाठी आणत होता. आता टाळ्या झाल्या. कालिंदीने डोळ्यांना पदर लावला. मी खाली बसलो तेव्हा मला फार बरं वाटत होतं.

अप्पांचा भाचा हेरंब एका साप्ताहिकात होता. पुढच्या अंकात त्याने माझं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं छापलं. चाळीचं नाव, माझं नाव, सीतारामचं नाव. कालिंदीने ते कापून ट्रंकेत ठेवलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी गॅलरीत एक बाई उभी दिसली. काळीसावळी, उंच, नऊवारी नेसलेली. नाव विचारत विचारत आली होती. राधाबाई. आत या म्हटलं तर आली नाही. भेटीला गेली तेव्हा सीताराम टोपीशिवाय समोर आला, असं तिने सांगितलं. त्याला वेगळ्या कोठडीत टाकलं होतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने तिला सांगितलं की पेपरात नाव आलंय, साहेबांनी चौकशी लावलीय. मग घोडपदेवात कोणीतरी ते साप्ताहिक शोधून तिला वाचून दाखवलं होतं. सीतारामने अजून हो किंवा नाही काहीच कबूल केलं नव्हतं. बोर्ड सोळा दिवसांवर होतं.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी बोललात म्हनून झालं," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा की असं काय झालं न्हाई. गंमत केली म्हना."

मी हो म्हणालो. हो म्हणायची मला सवयच आहे.

अप्पांच्या कानावर घालणं भाग होतं, कारण चौकशीत चाळीचं आणि सभेचं नाव येणार होतं. ते दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं त्यांनी आधी शांतपणे विचारलं. सत्याग्रहीने तुरुंगाच्या साहेबाला लेखी द्यायचं की मी सभेत खोटं बोललो, आणि उद्या तेच विरोधी पेपरांनी छापायचं, मग बाकीच्या दहा जणांचं काय, गोळीबारात गेलेल्यांचं काय, असं ते बोलत गेले.

"गंगाधरपंत, तुम्ही एकदाच बोललात. तेही परत घेणार?"

मी म्हटलं, त्याची सुटका जाईल.

"त्याने खून केलाय," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा साबण लावू लागले.

ते वाईट गृहस्थ नव्हते. पुढे कितीतरी वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत, पण कालिंदीच्या आजारपणात रोज डबा त्यांच्याच घरून आला.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. वाचनालयात पुस्तकांवर चुकीचे नंबर घातले. तिसऱ्या दिवशी कालिंदीने कोट काढून खुंटीला अडकवला आणि ती आत गेली. मी तुरुंगावर गेलो.

ज्या दाराने बाहेर पडलो त्याच दाराने मी आपण होऊन आत शिरत होतो. मोठ्या दारातलं छोटं दार उघडलं, वाकून आत गेलो, मागे कडी पडली, आणि मला वाटलं की आता हे लोक मला ओळखणार आणि बेचाळीस जणांत नेऊन बसवणार.

साहेब सभ्य होते. खुर्ची दिली. मी घरून लिहून आणलेला कागद त्यांनी वाचला. सभेत लोकांना हसवण्यासाठी मी ती हकिगत रचली, सीतारामने मला कधीही काहीही दिलेलं नाही, असं त्यात होतं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. त्यांनी विचारलं की पेरूच्या अळीचा अहवाल या तुरुंगात बांधायला आला होता हे मला बाहेर कसं कळलं. मी म्हणालो, बायंडिंग खात्याकडून पाण्याला जाताना थप्प्या दिसल्या. हे उत्तर मी वाटेत तयार केलं होतं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "मलाही त्याला सोडायचंय. माझ्या हाताखालचा सगळ्यांत चांगला माणूस आहे तो. पण कागद आत गेला असेल तर मी डोळे मिटू शकत नाही, आज पेरू असतो, उद्या दुसरं काही. मी त्याला बोलावतो. तो नाही म्हणाला, की तुमचा कागद वर ठेवून प्रकरण मिटवतो. मात्र तुम्ही बोलायचं नाही. एक शब्द नाही."

मी बरं म्हटलं. कागद त्यांनी पालथा घातला.

सीतारामला आणलं. डोकं उघडं होतं, आणि टोपीच्या खालचा कपाळाचा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होता. त्याला मी तिथे का आलोय हे माहीत नव्हतं. सांगायची मनाई होती. मला खुर्चीवर बसलेला बघून तो दारातच थबकला. साहेबांनी साधा प्रश्न विचारला की गिरगावच्या या गृहस्थांना तू बायंडिंग खात्यातले कागद नेऊन दिलेस का.

सीतारामने माझ्याकडे पाहिलं.

बोलायचं नव्हतं, हे खरं. पण मान हलवायला किती लागतं. तीही नाही, नुसतं त्याच्या डोळ्यांना डोळे दिले असते तरी अकरा वर्षं पहारेकऱ्यांचे चेहरे वाचणाऱ्या त्या माणसाला कळलं असतं. मला ते ठाऊक होतं. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय की साहेबांना शब्द दिला होता म्हणून. तसं नव्हतं. मला कोणी रोखून बघितलं की माझी नजर खाली जाते. लहानपणापासून जाते. ती गेली. मी साहेबांच्या टेबलाचा पाय बघत राहिलो.

"मास्तर सभेत बोलले ते खरं हाय, साहेब," सीताराम म्हणाला. "कागद मीच नेलं. त्यांनी मागितलं नव्हतं."

साहेबांनी पुन्हा विचारलं. जरा थांबून, नीट विचार करून सांग, असंही म्हणाले. त्यांच्या परीने त्यांनी वाट करून दिली. त्याने तेच सांगितलं. मग त्यांनी माझा कागद सुलटा करून त्याला वाचून दाखवला. सीताराम ऐकत होता. त्याच्या तोंडावर काही बदललं नाही, फक्त त्याने एकदा माझ्या हातांकडे बघितलं.

त्याला नेल्यावर साहेब म्हणाले की खोटं लेखी दिल्याबद्दल मला पुन्हा आत घेता येईल, पण ते तसं करणार नाहीत. त्यांनी कागद फाडला. मग सीतारामच्या वर्तणुकीच्या तक्त्यात लिहायला लागले. लिहिता लिहिता मला वाचूनही दाखवलं, का कोण जाणे. बहुधा त्यांनाही ते एकट्याने लिहवत नव्हतं. एका ओळीत होतं: स्वतःहून गुन्हा कबूल केला, खरेपणा दिसून येतो, सुधारणेची लक्षणे चांगली. त्याखालच्या ओळीत होतं: पिवळी टोपी काढून घ्यावी, वर्षाची माफी रद्द, मूळ तुरुंगात परत पाठवावे, बोर्डाच्या यादीतून नाव वगळावे. पुन्हा नाव कधी येईल असं मी विचारलं. दोन वर्षांनी विचार होईल, असं ते म्हणाले.

मी घोडपदेवला गेलो. ही बातमी राधाबाईला तुरुंगाच्या दारात कळू नये, एवढं तरी मला करता येण्यासारखं होतं. तिची खोली तिसऱ्या माळ्यावर, जिन्याच्या तोंडाशीच होती. ती दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. तो असं का म्हणाला, हे तिने विचारलं नाही. तीच म्हणाली की त्याला वाटलं असणार, मी न्हाई म्हटलं तर मास्तर खोटं पडंल आणि मास्तरला पुन्हा आत घेतील. मास्तरला आतलं सोसत नव्हतं, भिंतीशी उभा राहायचा, असं त्याने तिला मागे सांगितलं होतं.

मग तिने विचारलं, "त्यांनी बघितलं न्हाई तुमच्याकडं?"

बघितलं, मी म्हणालो.

"मग?"

मी खरं सांगितलं. खाली बघितलं म्हणून.

 खालच्या माळ्यावर कोणीतरी भांडी आपटत होतं.

"आताबी खालीच बघताय," ती म्हणाली.

मी वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती माझ्याकडे कुतूहलाने बघत होती, अनोळखी जागी आलेल्या माणसाकडे बघावं तसं. मला तिच्या नजरेला नजर देता आली, आता काही उपयोग नसताना.

मी म्हणालो की मी त्याला भेटायला जाईन. एसटीने जाईन, दर महिन्याला जाईन. माफी मागेन, त्याला पुस्तकं रीतसर परवानगीने पाठवता येतील का बघेन, बोर्डाला अर्ज करेन. मी बरंच बोललो. इतकं मी सत्काराच्या दिवशी सोडलं तर कधीच बोललो नव्हतो.

तिने पिशवी उचलली.

"तिकडं महिन्याला एकच भेट असती, मास्तर. कुनीबी गेलं तरी एकच. तुमी गेलात तर माझी जाईल."

मी म्हटलं, मग पत्र लिहितो.

"पत्रबी एकच."

तिने दाराला कुलूप लावलं आणि माझ्या पुढे होऊन जिना उतरू लागली. पाळीला उशीर होत होता. मी तिच्या मागे चालत होतो. खालच्या दारापाशी ती डावीकडे वळली. मला कुठे जायचं होतं ते क्षणभर आठवेना.

मी गेलो नाही. पत्रही लिहिलं नाही. आधी महिना गेला, मग दुसरा, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला मी मनात मजकूर तयार करायचो आणि त्या एका पत्राची जागा कुणाची आहे ते आठवून गप्प बसायचो. दोन वर्षांनी बोर्ड बसलं की नाही, त्याचं नाव यादीत आलं की नाही, हे मी विचारायला गेलो नाही. घोडपदेव गिरगावापासून काही फार लांब नाही.